तीन पाळ्या

कोराडीच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काटे वाचले मी.
काटा लाल पट्टीकडे सरकायच्या आधीच
माझ्या कानशिलात कळायचं.
ठवकर म्हणायचा, तुले गेज कायले लागते बाप्पा.

आणि टिकलीचा डोळा
घरात, माझ्याच खुर्चीखाली,
पंधरा दिवस भरत होता.

आधी लाल झाला. म्हटलं मे महिना आहे, झळ लागली असेल.
कूलरचा पंप बसला होता, सगळ्यांचेच डोळे लाल.
मग ती भिंतीला डोकं टेकवून उभी राहू लागली,
तासन्‌तास,
वर्गात शिक्षा दिलेल्या पोट्टीसारखी.
शकुन म्हणाली, काहून अशी करून राहिली ही?
मी म्हटलं, भिंत थंड लागत असेल.
मग बुबुळावर निळं चढलं,
गॅस अगदी बारीक केल्यावर राहतं तेवढं.

सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात
आमच्या आधी एक शेळी होती, आणि पिंजऱ्यातला पोपट,
त्याचा मालक त्याच्यापेक्षा जास्त बोलणारा.
गजभिये बाईंनी डोळा सुन्न करायचा थेंब टाकला,
पेनाएवढं यंत्र बुबुळाला टेकवलं न टेकवलं.
आकडा आला अठ्ठावन्न.
किती पाहिजे?
पंधरा. वीस. पंचविसाच्या वर नको.

काचबिंदू म्हणाल्या तेव्हा मी उभा होतो.
आकडा ऐकून बाकावर बसलो.

बाई सांगत होत्या,
डोळ्यात पाणी तयार होत राहतं,
निघायची वाट बुजली की आत साचतं, मागची नस चेपते.
म्हटलं बाई, हे मला नका सांगू.
व्हॉल्व्ह जाम झाला की काय होतं ते पाहिलंय मी.
पण आमच्याकडे शिटी वाजते.
इथं कुठं होती शिटी?

भिंत, बाई म्हणाल्या.

सलाईन लावलं. थेंब सुरू केले.
अठ्ठावन्नाचे एकेचाळीस झाले, एकेचाळिसाचे पुन्हा चोपन्न.
तिसऱ्या दिवशी बाईंनी डोळ्यासमोर कापसाचा बोळा सोडला.
टिकलीनं मान हलवली नाही.
नजर गेलीच आहे, म्हणाल्या,
आत आता फक्त दुखणं आहे.
मी म्हटलं, राहू द्या ना, दिसायला तरी डोळा.
शकुननं माझ्या खिशातला पेन काढला
आणि फॉर्मवर सही केली.

टाके होते, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा,
दारांना आपटत फिरायची.
चौथ्या दिवशी कूलरवाला आला
तर अशी भुंकली त्याच्यावर
की तो शिडीसकट मागे सरकला.
महिनाभर ती भुंकली नव्हती.
आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिच्या भुवयांवर दोन तांबूस ठिपके आहेत,
त्यावरूनच नाव. गल्लीत म्हणायचे चार डोळ्यांची.
शेजारचा अन्वित आला, बोट लावून मोजलं,
म्हणाला, आजोबा, अजून तीन आहेत.

डाव्यालाही धोका आहे. कधी, ते सांगता येत नाही.
दर आठ तासांनी एक थेंब, बाई म्हणाल्या,
सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.
मी हसलो. बाईंना कळलं नाही का ते.
ह्या माझ्याच पाळ्या.
रिटायर होताना शाल देऊन सोडवल्या होत्या ना तुम्ही?

बाटली फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीजवळ.
दार उघडल्याचा आवाज आला की ती पलंगाखाली,
पण शेपूट बाहेर राहतं, ते तिला कळत नाही.
लाल शाईनं रेघा मारून वही केली आहे.
तारीख, वेळ, डोळा, शेरा.
महिन्यातून एकदा दाब, बाईंच्या हस्ताक्षरात.
मागच्या वेळी सतरा.

काल दुपारी खुर्चीत डोळा लागला माझा.
पावणेचारला दचकून उठलो, धावलो वहीकडे.
दोनच्या रकान्यात शकुनचं गिचमिड अक्षर :
थेंब टाकला. झोपली होती.
दोघंही.